बाकी राहिलेला नारळ

वाळ्याच्या नव्या ताटीला पहिलं पाणी लागलं की जो वास सुटतो, त्याला मी घाबरते. लोकांना तो आवडतो. मलाही आवडतो, नाही असं नाही. पण दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी कूलरवाला येतो, जुन्या ताट्या काढून नव्या बसवून जातो, आई आतून म्हणते, "शालू, टाक ना वं पाणी, काय पाहून राहिली," मी बादली ओतते, पंखा फिरतो, आणि तो ओला, मातकट, मुळांचा वास खोलीभर पसरला की मला कळेनासं होतं, मी आत्ता आले आहे की निघाले आहे. बॅग उघडायची आहे की भरायची आहे. चाळिशी दाराशी आली, कॉलेजात पोरांना झाडांचे रोग शिकवते, वर्गात कुणी गडबडलं तर त्याला धारेवर धरते, आणि घरात एका वासानं माझी ही अशी गत.

हे सगळं अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यानं करून ठेवलेलं आहे. त्या वर्षी मी अमेरिकेत डॉक्टरेट संपवून घरी आले. घर नागपुरात, सक्करदऱ्याला, दोन खोल्या आणि मागे पडवी. बाबा हायस्कुलात मास्तर, त्यामुळे मे महिना त्यांच्या मालकीचा. कूलर तेव्हा आमच्याकडे नव्हता. बाबा खिडकीला वाळ्याची ताटी बांधायचे आणि तुपाच्या डब्याला भोकं पाडून केलेल्या झारीनं तिच्यावर दुपारभर पाणी मारायचे, पेपर वाचता वाचता. मी सायकलरिक्षातून उतरून आत आले, तर आधी हा वास आला, मग आईबाबा दिसले. माझे डोळे भरून आले. बाबांना वाटलं ऊन लागलं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पन्ह्याचा गिलास हातात दिला आणि म्हणाले, "पहिले हे पी. डॉक्टरकी मंग."

आई बॅगेकडे पाहत होती. एवढी मोठी बॅग, म्हणजे पोरगी सगळं गुंडाळून आली, असं तिनं मनाशी धरलं असणार. बॅगेत निम्मी पुस्तकं होती आणि निम्म्या लोकांना द्यायच्या वस्तू. माझी भांडी, थंडीचे कपडे, दिवा, गादी, सगळं मी तिकडे माझ्या मार्गदर्शक बाईंच्या तळघरात ठेवून आले होते. का ठेवलं ते मला विचारू नका. कायमचं यायचं ठरवलेल्या माणसानं गादी ठेवून येऊ नये, एवढं मला कळतं. पण कायमचं जायचं ठरवलेल्या माणसानं आईसाठी नवी कोरी कढई साडीत गुंडाळून विमानातून आणू नये, हेही कळतं. मी दोन्ही केलं होतं.

तिकडचा तो मे महिना मला इकडच्या मे महिन्याला चिकटलेलाच आठवतो. गाव लहान, चारी बाजूंनी मक्याची शेतं, नुकती पेरलेली. झाडांना पालवी, वारा गार. पदवीच्या दिवशी भाड्याचा काळा झगा घालून आम्ही हिरवळीवर ओळीनं बसलो होतो आणि माझं नाव त्या माणसानं असं काही उच्चारलं की मी उठलेच नाही. शेजारच्यानं कोपर मारलं तेव्हा उठले. मागून मर्सीनं जिभेनं अशी लांबलचक आरोळी दिली की अर्धं मैदान वळून पाहायला लागलं. मर्सी घानाची. आम्ही दोघी एका घरात भाड्यानं राहायचो, एकाच गॅसवर आळीपाळीनं स्वयंपाक करायचो आणि एकमेकींच्या फोडणीला नावं ठेवायचो.

त्या संध्याकाळी आमच्या परसात सगळे जमले. ज्यानं त्यानं आपापला पदार्थ आणायचा, असं ठरलं होतं. मी वांग्याची भाजी केली. तिकडची वांगी दुधीएवढी, त्यांना आपल्या वांग्याची काही चव नाही. दाण्याचं कूट मिळेना, म्हणून बाटलीतलं शेंगदाण्याचं लोणी ढवळून घातलं. आई पाहती तर भांडं माझ्या हातून काढून घेती. मर्सीनं एक घास खाल्ला, थांबली, परत एक खाल्ला आणि म्हणाली, "ही माझ्या आईची भाजी आहे. तू कुठून शिकलीस?" तिच्याकडे शेंगदाणा वाटून कालवण करतात म्हणे. आईच्या माहेरची, कुहीकडची वांग्याची भाजी, अमेरिकेतलं वांगं, आणि चव घानाची. मी तिला सांगायला गेले की ही माझ्या आईची आहे, आणि मधेच मला वाटलं, आहे का? आईच्या भाजीची चव मला आठवते आहे की मीच काही तरी ठरवून ठेवलं आहे?

त्या संध्याकाळी जो तो एकच विचारत होता, पुढे काय. माझ्या हातात कॅनडातल्या एका विद्यापीठाचं दोन वर्षांचं संशोधनाचं काम होतं. जूनअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. मार्गदर्शक बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, कॅनडाला जाते आहे. मर्सीनं विचारलं तेव्हा म्हटलं, घरी जाते आहे. प्रयोगशाळेतल्या एका उंच पोराला म्हटलं, बघू. मर्सीनं सगळं ऐकलं होतं. "तिघांना तीन सांगितलंस. खरं कोणतं?" मी म्हटलं, "तिन्ही." ती हसता हसता गवतावर बसली. तिची बॅग केव्हाचीच भरून झाली होती. कोणाला काय न्यायचं, विमानतळावर कोण येणार, पहिल्या दिवशी जेवायला काय, सगळं तिला माहीत होतं. मला तिचा मनापासून हेवा वाटला. आनंद सगळ्यांना झाला होता, मलाही झाला होता, फक्त तो कशाचा मानायचा ते ठरत नव्हतं. काम संपल्याचा, की सुटल्याचा, की नवं लागल्याचा?

इकडे नागपुरात आनंदाचं खातं बाबांकडे होतं. संत्रा बर्फीचे डबे सायकलला अडकवून, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून ते भर उन्हात ओळखीच्या घरोघरी जाऊन आले. उन्हात जाऊ नका, संध्याकाळी जा, असं आईनं शंभरदा सांगितलं असेल. पण संध्याकाळपर्यंत त्यांना दम निघेना. प्रत्येक घरी त्यांना एकच प्रश्न आला. "मास्तर, पोरगी आली म्हणे. आता राहते का जाते?" बाबा सांगायचे, "आत्ता त आली ना गा. बर्फी खा." घरी येऊन हे ते मला हसत सांगायचे. हसून झालं की मात्र माझ्याकडे क्षणभर पाहायचे, आणि मी ताटीवर पाणी मारायला उठायची.

आईनं मला एकदाही विचारलं नाही. तिची पद्धत निराळी. ती गच्चीवर सकाळी सकाळी कुरडया घालत होती, मी काठी घेऊन कावळे हाकायला बसले होते. साच्यातून चीक दाबता दाबता ती म्हणाली, "किती करू वं या साली?"

"म्हणजे?"

"म्हणजे माणसं किती धरू?"

"कर ना भरपूर," मी म्हटलं.

तिनं साचा खाली ठेवला. "भरपूर म्हणजे खाले का न्याले?"

मी नसलेला कावळा हाकलला. ती परत साचा दाबायला लागली. त्या वर्षी तिनं एवढ्या कुरडया केल्या की गच्चीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. म्हणजे तिनंही दोन्ही धरलं होतं.

खरं तर मी ठरवायचा प्रयत्न करत होते. बाबांच्या ओळखीच्या एकानं सांगितलं होतं की जुलैत इथल्या एका कॉलेजात जागा निघणार आहे. सकाळी मला वाटायचं, इथंच राहावं. पडवीत बसून चहा प्यावा, आईच्या हातचं खावं, बाबांच्या सायकलवर मागे बसून कॉलेजात जावं. दुपारी ऊन चढलं, वीज गेली, शेजारच्या काकू येऊन माझ्या लग्नाबद्दल आईच्या कानाशी लागल्या, की वाटायचं, कॅनडात किती बर्फ पडत असेल. माझ्या मतांना पंख्याइतकीही स्थिरता नव्हती. रागही यायचा, आणि कोणाचा ते कळायचं नाही. कोणी मला काही करायला सांगितलं असतं तर मी भांडले तरी असते. कोणी सांगतच नव्हतं.

अशात एके दिवशी जेवताना आई म्हणाली, "शाळा सुरू व्हायच्या आत रोडगे करून घेऊ. माहा नवस हाये."

बाबांनी घास हातात धरून वर पाहिलं. "माहा बी हाये."

"तुमचा?" आईला हसू आलं. बाबा देवळात गेले तरी चप्पल सांभाळत बाहेर उभे राहणारे. "कोनत्या देवाले?"

"मामाच्या वावरातला मारुती. तुहा?"

"तोच."

दोघंही इतके खूश झाले की विचारू नका. आमच्याकडे नवस बोलला की तो फेडेपर्यंत कोणाला सांगत नाहीत. सांगितला की फळत नाही म्हणतात. फेडायच्या दिवशी मात्र देवासमोर उभं राहून, काय बोललो होतो ते चारचौघांत मोठ्यानं सांगायचं आणि ज्याच्यासाठी बोललो त्याच्या हातून नारळ फोडायचा. त्यामुळे दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही. पोरगी एक, देव एक, मग नवसही एकच असणार. बाबा म्हणाले, "एकाच दिवशी फेडून टाकू. गोवऱ्या एकदाच लागतीन." आई हो म्हणाली. त्यांच्या लग्नाला तीस वर्षं तरी झाली असतील, पण इतक्या चटकन त्यांचं एकमत झालेलं मी तेव्हाच पाहिलं.

नामदेवमामा, म्हणजे आईचा भाऊ, कुहीजवळच्या एका खेड्यात शेती करायचा. आम्ही पहाटेच्या एस.टी.नं गेलो. धानाच्या बांध्या वाळून भेगाळल्या होत्या, पळसाला नवी पानं आली होती, आणि बांधावरच्या आमराईत सावली इतकी दाट होती की आत शिरल्यावर डोळ्यांना काही दिसेना. तिथंच एका ओट्यावर शेंदूर फासलेला मारुती. मामानं मला पाहून पहिलं विचारलं, "शालू, आपल्या धानाले करपा येते. त्याच्यावर औषध शिकून आली का?"

"मामा, मी मक्यावर शिकले."

"मक्यावर?" मामा विचारात पडला. "पन आपल्याकडं मका कोन पेरते?"

बाबा म्हणाले, "पेरतीन, पेरतीन, तू घाई नको करू." आणि सगळे कामाला लागले. मी तिथंच उभी राहिले, कारण मामाचा प्रश्न काही चुकीचा नव्हता.

रोडगे पुरुष करतात. जाडसर कणकेला तेलाचे थर देत देत त्याचे मुठीएवढे गोळे करायचे आणि गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत, पुरून ठेवायचे. बाबा धोतर वर खोचून आरापाशी बसले होते, घामानं निथळत, डोळ्यांत धूर, तोंडावर राख, आणि इतके सुखी की त्यांना शाळेतल्या पोरांनी ओळखलं नसतं. मामा वांग्याची भाजी ढवळत होता. बायका पत्रावळी मांडत होत्या. मी कोणाला तरी मदत करायला जायची आणि कोणी तरी म्हणायचं, "तू नको वं, तुह्यासाठीच त हाये हे सारं." त्या भाजीचा वास आला आणि मला मर्सीची आठवण झाली. तोच वास होता, शप्पथ. म्हणजे मी इतकी काही विसरले नव्हते.

रोडगे झाले. गावातली शेजारपाजारची माणसं येऊन सावलीत बसली. आईनं दोन नारळ आणले होते, एक बाबांच्या हातात दिला, एक स्वतःकडे ठेवला. बाबांनी राख झटकली, हात जोडले आणि वर्गात धडा वाचावा तशा आवाजात म्हणाले, "मारुतीराया, पोरगी शिकाले गेली तवा मी बोललो होतो. तिचं शिक्षण पुरं होऊ दे. मंग तिले जिकडं वाट फुटन तिकडं जाऊ दे, माह्या घरात अडकू नको देऊ. तुले रोडगे चारीन. ते फेडून राहिलो बाप्पा." आणि नारळ माझ्या हातात दिला. "फोड."

मी फोडला. चांगला फुटला, पाणी ओट्यावर सांडलं. लोक म्हणाले, हाव, आता बाईचा. मी आईकडे वळले, तर ती बाबांकडे पाहत होती.

"तुमी असं बोलले होते?"

"हाव. काहून? तू काय बोलली होती?"

आईनं पदर सारखा केला. तिचा आवाज अगदी रोजचा होता. "मी त बोलली होती, पोरगी शिकून घरी येऊ दे. राहाले येऊ दे."

एका म्हाताऱ्यानं तेवढ्यात शिंकून घेतलं. मग मामा म्हणाला, "आता हो भाऊजी, मारुतीनं कोनाचं आयकावं?" लोक हसले. बाबाही हसायला गेले, पण ते हसू त्यांच्या तोंडावर नीट बसलं नाही. त्यांनी आईकडे पाहिलं, आईनं मारुतीकडे. एकाच माणसासाठी, एकाच देवाकडे, एकाच घरातून दोन उलट मागण्या गेल्या होत्या आणि दोघांनीही किंमत तीच देऊ केली होती. आणि मारुतीनं काय करावं, तर ते मला विचारावं. कारण लोक आता माझ्याकडे वळले होते. मामीच सरळ म्हणाली, "शालू, तूच सांग ना. राहातं का जातं?"

मी तोंड उघडलं. खरंच काही तरी सांगायचं म्हणून उघडलं. कोणतं निघालं असतं ते मला आजही माहीत नाही. पण आईनं मधेच हात केला. "तिले नका इचारू. रोडगे थंडे होऊन राहिले, बसा जेवाले." तिनं आपला नारळ पदरात गुंडाळला, कमरेला खोचला आणि तूप वाढायला गेली.

मी त्या दिवशी खूप जेवले. लाजिरवाणं वाटेल इतकं. राख फुंकून रोडगा फोडायचा, वाफ निघते तोवर त्यात तूप ओतायचं, वर ती भाजी. बाबा पंगतीत माझ्यासमोर बसले होते आणि जेवत नव्हते. आई प्रत्येकाला आग्रह करत होती, बाबांनाही. "घ्या ना. तुमचा त फिटला." हे ती रागानं म्हणाली की सहज, ते त्यांनाही कळलं नसावं. नवसाचं अन्न घरी नेत नाहीत. उरलं ते गाईंना घातलं, पत्रावळी जाळल्या, आर विझवला. घरी परत आला तो फक्त आईच्या मांडीवरचा नारळ. परतीच्या एस.टी.त खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती, बाबा डोळे मिटून बसले होते, आणि ती नारळावर हात ठेवून बाहेर पाहत होती. मी दोघांच्या मधे होते. कोणाकडे सरकावं, समजत नव्हतं.

जूनच्या शेवटी बाबाच मला सायकलवर बसवून तारघरात घेऊन गेले. बाहेर सायकल धरून उभे राहिले. मी म्हटलं, "बाबा, काय लिहू?" ते म्हणाले, "येतो म्हणून लिही. नाई जमलं त वापस ये. येतो लिहून न येणं जमते, नाई लिहून जाता येत नाई." हे त्यांचं तर्कशास्त्र. मी तसं लिहिलं. ठरवलं असं म्हणवत नाही. लिहिलं, एवढंच. निघाले त्या दिवशी आईनं कुरडयांचा डबा बॅगेत घातला, स्टेशनवर आली, गाडी हलल्यावर दोन पावलं बरोबर चालली. नारळाचं नाव कोणी काढलं नाही. तो देव्हाऱ्यात, देवांच्या मागे, लाल फडक्यावर ठेवलेला होता.

तो तिथंच राहिला. दोन वर्षांची चार झाली. मी सुट्टीत यायची तेव्हा घरातलं सगळं थोडंथोडं बदललेलं असायचं. भिंतींचा रंग, बाबांचा चष्मा, शेवटी कूलरसुद्धा आला. नारळ मात्र तिथंच. मी देवाला हात जोडायची आणि तो माझ्याकडे पाहायचा. मला वाटायचं, ही तक्रार आहे. आई तोंडानं बोलत नाही, म्हणून तिनं ती देव्हाऱ्यात मांडून ठेवली आहे. तू आली नाहीस, तू आली नाहीस. कधी कधी इतका संताप यायचा की तो उचलून अंगणात आपटावा. मग वाटायचं, आपटला तर तो फोडला असं होईल, आणि मग मला राहावं लागेल. शिकलेल्या बाईचे हे विचार. हसा खुशाल.

मग बाबा गेले. तीन दिवसांच्या तापानं गेले, मला पोचता आलं नाही. त्यानंतर वर्षभरात मी कॅनडातलं सगळं आवरून आले. या वेळी गादी ठेवून आले नाही, विकून आले. कॉलेजात लागले. पहिल्या पगाराच्या दिवशी पेढे देवापुढे ठेवले आणि आईला म्हटलं, "आई, आता फोडायचा ना नारळ? आले मी राहायला."

तिनं पेढ्यावर तुळशीचं पान ठेवलं. "पाहू," म्हणाली.

पाहू! मला ते फार लागलं. सगळं सोडून आले, आणि पाहू. म्हणजे हिचा विश्वासच नाही. पुढच्या उन्हाळ्यात विचारलं, तर म्हणाली, "घाई काय हाये." त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी विचारलंच नाही. आणि खरं सांगते, हळूहळू मलाही वाटायला लागलं की तिचं बरोबर असेल. मी आले आहे का? भाजी करताना माझा हात अजून कधी तरी शेंगदाण्याच्या लोण्याच्या बाटलीसाठी वरच्या फळीकडे जातो. तिथं हळद असते. मर्सीचं नाताळला कार्ड येतं, त्यात तिची मुलं असतात, तिची आई असते, तिचं घर असतं, आणि शेवटी दरवर्षी एकच ओळ, तिन्हीतलं खरं कोणतं निघालं? मी दरवर्षी उत्तरात हवामान कळवते.

या वर्षी मार्गदर्शक बाईंनी बोलावलं आहे. त्या निवृत्त होत आहेत, एक वर्ष येऊन त्यांचं अर्धं राहिलेलं काम पुरं करून दे म्हणतात. तळघरातला माझा दिवासुद्धा अजून आहे म्हणे, तो मी न्यायचा विसरले होते. आज नव्या ताट्या बसल्या, पाणी टाकलं, वास सुटला, आणि त्या वासातच मी आईला हे सांगून टाकलं. ती पलंगावर पाय पसरून लसूण सोलत होती.

"वर्षभर?" तिनं विचारलं.

"हो. अजून हो म्हटलेलं नाही. तू एकटी पडशील."

"माहं सोड. तुले जावंसं वाटते का?"

"माहीत नाही." आणि मग मला काय झालं कोण जाणे, इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर पडलं. "तुला तर आनंदच होईल, तुझंच खरं ठरलं म्हणून. मी आलेच नाही असं तुझं म्हणणं आहे ना? म्हणून तर तो नारळ ठेवला आहेस माझ्या डोळ्यांसमोर. दहा वर्षं. एकदा फोडला असतास तर काय बिघडलं असतं?"

आईनं लसणाची पाकळी वाटीत टाकली. तिला माझा राग समजलाच नाही, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"तुले असं वाटे का?" ती म्हणाली. "अवं, पहिले त रागच होता, खोटं कायले बोलू. तुह्या बाबाचा राग, तुहा राग, त्या मारुतीचा बी राग. मंग तू गेली. त्या दिवशी ठेसनावरून घरी आलो, मी देवापुढं बसली आन माह्या मनात आलं, तुह्या बाबाचा नवस त फिटला. देव त्याच्यातून मोकळा झाला. आता माहा बी फेडला त देव पुराच मोकळा. मंग परमुलखात तुह्याकडं कोन पाहीन? आपलं देणं बाकी असलं का देव आपल्याले इसरत नाई. वाट पाहाते. म्हणून ठेवला."

मी तिच्याजवळ पलंगावर बसले.

"मग आल्यावर?" मी विचारलं. "आल्यावर का नाही फोडला?"

"आल्यावर त जास्तच भेव वाटे. बाबा गेले. मी आज हाये, उद्या नाई. मंग तुहं कोन हाये?" तिनं वाटी बाजूला केली. "माह्या मागं बी फोडू नको. राहू दे तसाच. आन जायचं असन त जा, नसन त नको जाऊ. ते तुहं तू पाहा. मले काय इचारतं, मी काय मारुती हाओ?"

मी देव्हाऱ्यापाशी गेले. नारळ हातात घेतला. दहा वर्षांत पहिल्यांदाच घेतला. हलका लागला, पाणी केव्हाच आटलं होतं. कानापाशी नेऊन हलवला तर आत खोबऱ्याचा गोटा सुटून खडखडत होता.

"वाजते ना?" आईनं पलंगावरून विचारलं. "मी बी पाहातो कधीकधी वाजवून. ठेव आता. आन कूलरातलं पाणी पाह्य, संपलं असन."

मी नारळ लाल फडक्यावर परत ठेवला. बाईंना काय कळवायचं ते अजून ठरलेलं नाही. बादली घेऊन नळावर गेले.